न घासलेली पिन

काका उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. वारा बसू दे."

पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. मे महिना. मानपाड्याच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली छोटीशी खोली, त्यात ते आणि मी. माझ्या पाठीवरून घामाची धार चाललेली. वारा बसायचा कुठून? तो उठलाच नव्हता. पण काकांचं बोट वर असलं की हलायचं नाही, बोलायचं नाही, पदराने घाम पुसायचा नाही. समोर काचेच्या पेटीत वजनकाटा. त्याच्यावरचा शेवटचा आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघं देवळातल्या मूर्तींसारखी.

मग आकडा लागायचा. मी लिहायची. मला वाटायचं, झालं.

"पुन्हा," काका म्हणायचे.

एका पिनचं वजन पाच वेळा. पाचही वेळा आकडा तोच आला तरी पाच वेळा. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, चार वेळा तेच आलंय, पाचव्यांदा वेगळं काय येणार?" तर म्हणाले, "ते बघायलाच पाचव्यांदा करायचं." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्यावर रागावता येत नाही आणि त्याच्या शेजारी बसवतही नाही.

आमच्या कंपनीत बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसायच्या नळ्या, आणि पॅड बनतात. काचेचा नाहीतर कार्बनचा धागा प्लास्टिकमध्ये मिसळून, प्रेसमध्ये दाबून काढलेले. लोखंडावर लोखंड घासलं तर तेल लागतं. जिथे तेल-ग्रीस देता येत नाही तिथे आमचा माल बसतो. तो किती झिजतो ते बघायचं, हे काकांचं काम. त्यासाठी एक मशीन होतं. पोलादाची चकती गोल फिरते, तिच्यावर आमच्या मालाची बोटाच्या पेराएवढी पिन वजन लावून दाबून धरायची आणि तासन्‌तास घासत ठेवायची. घासण्याआधी पिनचं वजन, घासल्यावर वजन. जेवढं कमी झालं तेवढी झीज. एवढंच काम. पण एवढ्याला काकांना अख्खा आठवडा पुरायचा नाही.

शेडमधले सगळे त्यांना मागून घासकाका म्हणायचे. तोंडावर काका. साठी उलटलेली, शहाडहून यायचे, सदरा कायम इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बोलणं पुस्तकातल्यासारखं. मला "बाई" म्हणायचे, "अहो" म्हणायचे. शेडमध्ये मला अहो म्हणणारे ते एकटेच, पण त्या अहोचासुद्धा मला जाच वाटायचा. "अहो बाई, श्वास तिकडे सोडा." असं म्हटल्यावर अहोचं काय करायचं?

मी तिथे मुळात झाडू-फरशीला लागले. चौथीपर्यंत शिकलेली बाई, दुसरं काय काम मिळणार? मला ते बरंही होतं. चार लोकांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागे पळते, लहानपणापासून तसंच. झाडूला बोलावं लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्या खोलीत गेले. काका जेवायला गेले होते. बघते तर मशीनची चकती नुसती काळी पडलेली, गोल पट्टा उमटलेला, काजळी धरल्यासारखा. म्हटलं, एवढे शिकलेले गृहस्थ आणि मशीन असं घाण ठेवतात. घासणी घेतली, पावडर घेतली, चकती आरशासारखी केली. स्वतःवर खूश होऊन उभी राहिले.

काका आले. चकती बघितली. मला वाटलं, आता शाबासकी देतील. ते स्टुलावर बसलेच.

"तीन दिवस," ते म्हणाले. "तीन दिवस लागले होते तो थर बसायला."

"घाण होती काका."

"घाण नाही हो ती! पिन घासते, तिचा बारीक थर चकतीवर चढतो. तो थर बसला की पिन झिजायची कमी होते. सगळी गंमत त्या थरात आहे. तो तुम्ही धुऊन टाकलात."

मी मान खाली घालून उभी. पण मनात आलं ते आलंच. घरी माझा बिडाचा तवा आहे, घावन काढायचा. तो कोणी घासला तर मीही अशीच बसेन. म्हटलं, "म्हणजे तव्यासारखं."

"कुठला तवा?"

मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनवर चिकटवलं, 'तव्यासारखे. घासू नये.' आता हे वाचून शेडमधल्या कोणाला काय कळणार? प्रेसवरचा नितीन येता-जाता म्हणायचा, "मावशी, आज काकांकडे घावन आहे का?"

खोलीत मला कायमचं घेतलं तेही या नितीनमुळे. काचेचा धागा फार वाईट. बोटात घुसला की दिसत नाही, नुसता टोचत राहतो. नितीनच्या बोटात गेला होता, मी दाराशी उजेडात बसून चिमट्याने काढत होते. तो ओरडत होता, "आई गं, मावशी, बोट ठेवा, काच काढा." काका पाठीमागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. काच निघाल्यावर म्हणाले, "तुमचा हात हलत नाही हो."

मालकांना जाऊन सांगितलं, मला मदतीला ही बाई पाहिजे. मला कोणी विचारलंच नाही.

मग सुरू झाले नियम. पिनला बोट लावायचं नाही, बोटाला तेल असतं. चिमट्याने धरायची. डोक्याला तेल लावून यायचं नाही. बोलताना तोंड काट्याकडे नको. माझ्या बांगड्या वाजतात म्हणून म्हणाले, "बांगड्या काढून ठेवत जा." नितीन दारातून म्हणाला, "काका, मावशींचा नवरा आहे अजून, काल बघितला मी." काका ओशाळले. त्या बांगड्यांवर मी रुमाल बांधायचा असं ठरलं. रोज सकाळी हाताला जखम झाल्यासारखा रुमाल बांधून बसायची मी.

पिना ठेवायला त्यांच्याकडे गोळ्यांच्या रिकाम्या डब्या होत्या, त्या सारख्या सांडायच्या. एक दिवस मी घरातला जुना मिसळणाचा डबा आणला. सात वाट्या. म्हटलं, यात ठेवा. त्यांनी तो डबा दोन दिवस धुवायला लावला. स्पिरिटने पुसायला लावला. मग वास घेतला. "हळद येतेय." पुन्हा धुतला. तिसऱ्या दिवशी त्यात पिना ठेवल्या, प्रत्येक वाटीवर नंबर, आणि मधल्या वाटीला म्हणाले, "ही रिकामी ठेवायची." का? तर सात नंबर त्यांच्या तक्त्यात बसत नव्हता.

खरं सांगायचं तर एवढा वैताग होता तरी ती खोली मला आवडायला लागली होती. सगळ्या शेडमध्ये ती एकच जागा जिथे बोलायला बंदी. बाहेर पॅकिंगच्या टेबलावर आठ बायका, दिवसभर बडबड, हसणं, एकमेकींच्या सुना काढणं. कोणी मला काही विचारलं की मी लाल व्हायची आणि त्यांना मजा यायची. खोलीत मी गप्प बसले तर ते कामच होतं.

शिवाय आकडे लिहिता लिहिता माझं अक्षर सुधारलं. बिंदूनंतर चार आकडे असतात, ते मी काकांकडे शिकले. शेवटच्या आकड्याला काका "शेपूट" म्हणायचे. "शेपूट हलतंय अजून, थांबा."

आणि धूळ. घासून जी भुकटी पडते ती मीच कागदावर झाडून घ्यायची. चांगल्या मालाची धूळ पिठीसारखी, बोटाला लागत नाही. वाईट मालाची रव्यासारखी, मध्ये बारीक बारीक काटे. काका ते भिंगाखाली बघायचे, मला नुसत्या झाडूखाली कळायचं. मी मात्र कधी बोलले नाही. विचारलंच नव्हतं कोणी.

अशी दोन वर्षं झाली. मग जुलै महिना आला आणि नवा माल आला. आधी आम्ही काळा, कडक माल तपासायचो. हा नवा पांढरट, नायलॉनमध्ये काचेचा धागा घातलेला. मालकांना घाई होती, माल पाठवायचा होता आणि घेणाऱ्यांना आधी झिजेचा तक्ता पाहिजे होता.

सकाळी पिनचं वजन केलं. मशीनवर चढवली. दुसऱ्या दिवशी उतरवली. वजन केलं.

काकांचं बोट वर. "वारा बसू दे."

आकडा लागला. काका वाकून बघत राहिले. पुन्हा केलं. पाच वेळा केलं.

वजन वाढलं होतं.

अख्खा दिवस पोलादावर घासलेली पिन, आणि आदल्या दिवसापेक्षा जड. काकांनी माझ्याकडे बघितलं.

"हात लावलात?"

"नाही काका."

"ओला चिमटा?"

"नाही."

"डोक्याला तेल?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दुसरी पिन लावली. तीही वाढली. तिसरीही. तीन दिवस काका माझ्या मागे हात धुऊन लागले. माझी नखं बघितली. रुमाल बदलायला लावला. मला खोलीबाहेर उभं करून स्वतः वजन केलं, तरी वाढलेलंच. मग तर म्हणाले, "आधीच लागलं असणार. मशीनवर चढवताना." म्हणजे मी आत असले तरी चूक माझी आणि बाहेर असले तरी माझीच.

त्यांच्या तपासणीच्या वहीत शेवटचा एक खाना होता, शेऱ्याचा. त्यात लाल पेनाने लिहिलं, 'हाताळणीत चूक.' लिहिता लिहिता थांबले आणि मला विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

बघा तुम्ही. दोन वर्षं एका खोलीत बसलो, पंख्याशिवाय बसलो. माझं नाव या माणसाने पहिल्यांदा विचारलं ते चुकीच्या खान्यात लिहायला. कारण चूक लिहायची तर नुसतं 'बाई' लिहून कसं चालेल? नीट लिहायला हवं. मी सांगितलं. त्यांनी नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं विचारून घेतलं आणि तीन पिनांसमोर तीनदा लिहिलं. वळणदार अक्षर होतं त्यांचं. माझं नाव एवढ्या सुंदर अक्षरात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते तिथे.

वही मालकांनी बघितली. शुक्रवारी मला बोलावून म्हणाले, "मावशी, सोमवारपासून पॅकिंगला जा. खोलीत नको."

पॅकिंगच्या टेबलावर ही बातमी माझ्याआधी पोचली होती. घरी जायला तिथून निघाले तर एक म्हणाली, "काय गं, पिना काय पदरात बांधून ठेवल्यास की काय?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही, रडलेही नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की मी हात लावला नव्हता आणि वहीत लिहिलंय की लावला. वही कपाटात राहणार. मी मेले तरी राहणार.

त्या संध्याकाळी घरी भात टाकला. मिठाच्या बरणीचं झाकण नीट लागलं नव्हतं, मीठ ओलं, चमच्याला चिकटत होतं. माझं माहेर कोपरीचं. वडील खाडीकडच्या मिठागरात कामाला होते. पावसाळ्यात आई मारायला धावायची, "मीठ उघरं ठेवू नको गो, तं पानी पितं!" गोणीतलं मीठ सुद्धा पावसाळ्यात भरायचं. नुसतं ठेवून ठेवून जड व्हायचं, हे आम्हाला पोरांनाही माहीत.

चमचा हातात धरून मी तशीच उभी राहिले. धूळ मी रोज झाडत होते. या नव्या मालाची धूळ चांगली चिमूटभर पडत होती, रव्यासारखी, काट्यांची. एवढी धूळ पडते म्हणजे पिन झिजतेय. झिजतेय आणि वजन वाढतंय. मग ती कुठून तरी पीत असणार.

हे काकांना सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं. रात्रभर मी वाक्य पाठ केलं. शनिवारी सकाळी खोलीच्या दाराशी गेले. काका पिन चिमट्यात धरून उभे होते.

"काका, एक न घासलेली ठेवून बघा."

"काय?"

"एक पिन. घासू नका. नुसती ठेवा. सोमवारी वजन करा."

"कशाला?"

"ती पण वाढेल."

काकांनी पिन खाली ठेवली. "कशावरून?"

पाठ केलेलं सगळं विसरले मी. म्हटलं, "मीठ वाढतं."

"बाई, हे मीठ नाही. नायलॉन आहे."

"हो."

"मग?"

"धूळ पडतेय काका. वजन वाढतंय. दोन्ही खरं कसं?"

त्यांनी नवी पिन काढली, पाच वेळा वजन केलं, मिसळणाच्या डब्यातल्या मधल्या वाटीत ठेवली. डबा झाकण न लावता कपाटात ठेवला, कपाटाला जाळीचं दार होतं. मला वाटलं, ऐकलं बाई यांनी. तेवढ्यात त्यांनी दाराला कुलूप लावलं. कुलपावर कागद चिकटवला. कागदावर सही केली. आणि किल्ली खिशात घालून शहाडला घेऊन गेले.

म्हणजे मी पुन्हा हात लावू नये म्हणून! इतका राग आला होता मला. घरी जाऊन भांडी आपटली.

सोमवारी मी पॅकिंगला न जाता आधी खोलीच्या दारात उभी राहिले. काका आले. कागद फाटलेला नाही, सही तशीच, हे त्यांनी मला दाखवलं. कुलूप उघडलं. चिमट्याने पिन उचलली.

बोट वर. "वारा बसू दे."

वाढलं होतं. न घासता, कोणीही हात न लावता, त्यांच्या कुलपात, त्यांच्या सहीखाली. पाच वेळा केलं त्यांनी. मग स्टुलावर बसले, चकती धुतली होती त्या दिवशी बसले होते तसेच.

"नायलॉन हवेतलं पाणी पितं," ते म्हणाले. "हे मी पुस्तकात शिकलोय. फार वर्षांपूर्वी."

"मग?"

"मग काय. पुस्तक घरी आहे."

मला हसू आलं, पण मी दाबलं. त्यांनी हिशेब मांडला. न घासलेली पिन जेवढी वाढली तेवढं घासलेल्या पिनांतून वजा केलं, आणि झीज निघाली. साधीसुधी नाही, चालेल त्याच्या दुप्पट निघाली. धूळ खरं सांगत होती. मालकांनी कपाळावर हात मारला, पण माल थांबवला.

मला वाटलं, आता काका मला काहीतरी म्हणतील. मला माफी नको होती, मोठ्या माणसाने माफी मागितली की मलाच लाजल्यासारखं होतं. पण काहीतरी. त्यांनी वही काढली, लाल पेन काढलं आणि माझ्या नावावर तिन्ही ठिकाणी एकेक रेघ मारली. बारीक, सरळ. पट्टी लावून. खालचं सगळं वाचता येत होतं.

मी म्हटलं, "काका, पांढरं लावा ना त्याच्यावर."

"वहीत खोडायचं नाही. एक रेघ मारायची आणि शेजारी खरं कारण लिहायचं. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे."

"माझं नाव दिसतंय की!"

"दिसू दे. त्यावर रेघ आहे."

आणि शेजारी कारण लिहिलं, 'साक्षीदार पिन ठेवली नव्हती.' मी दोनदा वाचलं. ठेवली नव्हती म्हणजे कोणी? पिन आपोआप राहिली? पण काकांनी पेनाला टोपण लावलं होतं आणि विषय संपला होता. मालकांना मात्र जाऊन सांगितलं, "बाई खोलीतच बसतील."

त्या दिवसापासून प्रत्येक नव्या मालाची एक पिन न घासता मधल्या वाटीत राहायला लागली. काका तिला साक्षीदार म्हणायचे. तक्त्यात सात नंबर बसत नव्हता, तो त्यांनी पट्टीने रेघ ओढून बसवला.

पुढची दोन वर्षं माझा वैताग तसाच चालू राहिला, फक्त आता मध्येच ते विचारायचे, "बाई, धूळ काय म्हणतेय?" मी म्हणायची, "पिठी आहे," किंवा "रवा पडतोय." ते लिहून घ्यायचे. शेऱ्याच्या खान्यात 'रवा' असं लिहिलेले तक्ते कुठे कुठे गेले असतील देव जाणे.

मग एका डिसेंबरात शेपूट लागेनासं झालं.

साक्षीदार पिनचं वजन काकांनी स्वतः पाच वेळा केलं तर पाच आकडे पाच तऱ्हेचे. डिसेंबरची कोरडी हवा, पिन कालपासून तिथेच, बदलायचं कारण नाही. काका चिडले. पंखा बघितला, बंद. रस्त्यावरून ट्रक जातात म्हणून टेबलाखाली रबराचे तुकडे घातले. प्रेस बंद करायला लावला, नितीन कुरकुरला. मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळले. बांगड्या? रुमाल आहे. श्वास? मी दाराशी जाऊन उभी राहिले. तरी आकडे नाचतच होते.

मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चिमटा काट्याच्या ताटलीला लागायचा. टिक, असा आवाज यायचा. पिन मधोमध न पडता कडेला पडायची. कधी निसटून टेबलावर जायची आणि पुन्हा उचलून तीच ठेवायचे. त्यांचा उजवा हात थरथरत होता. ते बोट वर करायचे तर तेही थरथरायचं, आणि त्याच थरथरत्या बोटाने सांगायचे, वारा बसू दे.

आठ दिवस मी बोलले नाही. या माणसाने माझी नखं तपासली होती, कपाटाला कुलूप लावलं होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते माझ्याने बोलवेना.

नवव्या दिवशी त्यांनीच चिमटा माझ्यापुढे धरला. "तुम्ही करा."

मी केलं. पाच वेळा. पाचही वेळा आकडा तोच, शेपटासकट.

"आता मी करतो."

टिक. आकडा वेगळा. टिक. पुन्हा वेगळा.

त्यांनी चिमटा ठेवला आणि हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले, भिंगाखाली पिन बघायचे तसे. मी म्हटलं, "काका, थंडी आहे." माझ्या तोंडून खोटं निघालं ते एवढंच.

"थंडीने पाच आकडे बदलत नाहीत बाई."

वही ओढली. लाल पेन काढलं. गेल्या आठ दिवसांच्या पिनांसमोर, एकेक करत, शेऱ्याच्या खान्यात लिहिलं, 'हाताळणीत चूक.' आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. त्यांचं पूर्ण नाव मी तिथेच पहिल्यांदा वाचलं. वहीत आहे तेवढं पुरे, म्हणून इथे लिहीत नाही.

लिहून झाल्यावर बरीच पानं मागे उलटली. जुलैचं ते जुनं पान, पट्टीच्या रेघा मारलेलं. माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तेव्हाही इथे माझंच लिहायला हवं होतं. माझं नाव."

एवढी वर्षं मला काहीतरी ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर वाटलं, नसते बोलले तरी चाललं असतं.

जाताना चिमटा मधल्या वाटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

एका रविवारी मी शहाडला गेले होते. काकूंनी चहा केला. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, पंखा बंद. मला बघून पहिला प्रश्न, "साक्षीदार किती?" कशा आहात नाही, बसा नाही. मी आकडा सांगितला, मला पाठच होता.

"पाच वेळा?"

"पाच वेळा काका."

"धूळ?"

"पिठी."

मान हलवली. कपाला ते हात लावत नव्हते, काकू पाजत होत्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले. नितीनने सांगितलं, नितीनला मालकांनी. प्रेस अर्धा तास बंद ठेवला त्या दिवशी, आणि खोलीत एवढी शांतता झाली की काकांना आवडली असती.

आता वजन मी करते. माल कोणता, किती तास, ते मालकांची मुलगी येऊन कॉम्प्युटरवर भरते. तिला साक्षीदार पिन पटते, पाच वेळा पटत नाही. "मावशी, तीन वेळा पुरे." मी हो म्हणते आणि पाच वेळा करते.

गेल्या महिन्यात कपाट आवरायला काढलं. जुन्या वह्या रद्दीत द्यायच्या ठरल्या. ती एक वही मी मागून घेतली, घरी आणली. डिसेंबरचं पान काढलं. वाकड्या अक्षरातलं त्यांचं नाव, आठ दिवसांचं, एकाखाली एक. त्याच्यावर रेघ नाही.

मला ते बघवेना. लाल पेन घेतलं, माझ्या मुलीची पट्टी घेतली. एक बारीक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. पट्टी नावाखाली धरली आणि मग आठवलं, शेजारी खरं कारण लिहायचं.

काय लिहू? थंडी होती? थंडीने पाच आकडे बदलत नाहीत. ट्रक जात होते? प्रेस चालू होता? सगळं बंद केलं होतं त्यांनी, मीच साक्षीला होते. म्हातारपण होतं, असं लिहावं, तर हात त्यांचाच होता, चूक त्यांचीच होती आणि त्यांनी ती बरोबर खान्यात लिहिली होती. बरोबर लिहिलेल्यावर रेघ कशी मारणार?

अर्धा तास पट्टी धरून बसले होते मी. गेल्यावरसुद्धा या माणसाने मला एक रेघ मारू दिली नाही.

पेनाला टोपण लावलं. मुलगी म्हणाली, "आई, एवढं उकडतंय, पंखा का बंद केलायस?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं.